ठाणे आणि तुरुंग: पैसा येतो कुठून, जातो कुठे?

कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यातल्या निर्णा, मन्नाएखेळी, चिटगुप्पा, हुमनाबाद या पट्ट्यात पोलीस ठाण्याचा विषय निघाला की पैशाचा विषय निघतोच. दंड कोणाच्या खिशात जातो, गस्तीच्या गाडीत डिझेल कोण घालतो, आत गेलेल्या माणसाच्या भाकरीचे पैसे कोण देतो, याबद्दल चहाच्या टपरीवर आणि न्यायालयाच्या आवारात ठाम मते ऐकू येतात. त्यांतली बरीच चुकीची आहेत. या चुकीची किंमत मोजावी लागते ती ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्या घराला. सरकारने आधीच भरलेल्या खर्चाचे पैसे ते घर पुन्हा भरते, आणि जे हक्काने मागता येते ते मागतच नाही.

गैरसमज: दंड जितका जास्त, तितका ठाण्याचा गल्ला मोठा. पोलिसांचे पगारही त्यातूनच निघतात.

हा समज हवेतून आलेला नाही. हैदराबाद-पुणे महामार्गावर हेल्मेट नाही म्हणून मोटारसायकल अडवली जाते, जागेवर दंड होतो आणि नोटा गणवेशातल्या माणसाच्या हातात जातात. बघणाऱ्याने दुसरा कोणता अर्थ काढावा? त्यात या मुलखाची जुनी आठवणही मिसळलेली आहे. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्याचा मोठा भाग पायगा आणि इतर जहागिरींत होता. मोठ्या जहागिरदारांचे स्वतःचे पोलीस असत, न्यायाचे अधिकारही असत. सारा वसूल करणारा, दंड ठोकणारा आणि खर्च करणारा हात एकच होता. त्या काळी दंडावर शिपाई पोसला जातो असे कोणी म्हटले असते तर ते फारसे चूक ठरले नसते. पण निजामाच्या संस्थानावरच्या पोलीस कारवाईनंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी संपल्या आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. व्यवस्था गेली, समज मागे राहिला.

आजचा हिशेब संविधानाच्या २६६व्या कलमाने बांधलेला आहे. सरकारला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला रुपया बाहेर काढता येत नाही. पोलिसांचा खर्च अर्थसंकल्पात २०५५ या लेखाशीर्षाखाली दाखवला जातो आणि तुरुंगांचा २०५६ खाली. हे शीर्ष-क्रमांक देशभर सारखेच आहेत. त्या रकमा अनुदानाच्या मागण्या म्हणून विधानसभेपुढे येतात आणि मंजूर होतात. दंड जमेच्या बाजूला जातो, पगार खर्चाच्या बाजूला दिसतो, आणि एकातून दुसरे थेट फेडता येत नाही. ठाण्याच्या फौजदाराला दंडातून साधी वही विकत घेण्याचाही अधिकार नाही. जप्त वाहनांच्या लिलावाचे पैसेही सरकारी तिजोरीतच जातात. न्यायालयाने केलेल्या दंडातून मात्र पीडिताला भरपाई देण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात, आणि ती तरतूद जुनी आहे.

प्रमाणही लक्षात घ्यावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने थकीत वाहतूक दंडावर ५० टक्के सवलत दिली तेव्हा लोकांनी रांगा लावून शंभर कोटींहून जास्त रक्कम भरली. आकडा मोठा वाटतो, पण राज्याच्या पोलीस दलावर दर वर्षी काही हजार कोटी रुपये खर्च होतात आणि त्यातला सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो. दंडावर दल चालवायचे ठरले तर काही दिवसांतच ठाण्यांना कुलूप लागेल. राहिला प्रश्न पावती न देता घेतलेल्या नोटांचा. त्या दंडाच्या नसतात, ती लाच असते. दोन्हींना एकाच नावाने ओळखले की लाच घेणाऱ्याला आयते संरक्षण मिळते.

गैरसमज: पोलिसांचा पैसा दिल्लीहून येतो. आमच्या ठाण्यात माणसे कमी आहेत, त्याला केंद्र जबाबदार.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पोलीस आणि तुरुंग हे दोन्ही विषय स्पष्टपणे लिहिलेले आहेत. शिपायाची भरती, पगार, ठाण्याची इमारत, तुरुंगाची भिंत ही सगळी बेंगळुरूची जबाबदारी आहे. गोंधळ होतो तो दिल्लीतल्या घोषणांमुळे. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू आहे. तिच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यासाठी २६,२७५ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आणि त्याची मोठी बातमी झाली. पण ही रक्कम पाच वर्षांची, सगळ्या देशाची आणि जम्मू-काश्मीर, ईशान्येकडील राज्ये, नक्षलग्रस्त भाग यांच्यासकट आहे. राज्यांच्या वाट्याला येणाऱ्या भागातून शस्त्रे, संपर्कसाधने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेची सामग्री अशी खरेदी होते. कर्नाटकासारख्या राज्याला तिथेही ४० टक्के वाटा स्वतः घालावा लागतो. पगार त्यात बसत नाहीत. राज्याच्या मागणीवरून केंद्रीय दलाच्या तुकड्या बंदोबस्ताला आल्या तर त्यांच्या तैनातीचे बिलही केंद्र राज्याकडे पाठवते.

देशातली राज्ये आपल्या अर्थसंकल्पाचा सरासरी चार टक्क्यांच्या आसपास भाग पोलिसांवर खर्च करतात. ठाण्यात शिपाई कमी असतील तर प्रश्न आमदाराला विचारायचा असतो, खासदाराला नव्हे. निवेदनावर चुकीचा पत्ता घातला की उत्तर न देण्याची सोय दोघांनाही होते.

गैरसमज: हा सीमाभाग आहे, म्हणून इथल्या सुरक्षेसाठी खास पैसा येतो आणि तो मध्येच जिरतो.

केंद्राचा सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम आंतरराष्ट्रीय सीमेवरच्या गावांसाठी आहे. कर्नाटक-महाराष्ट्र किंवा कर्नाटक-तेलंगणा सीमा त्यात येत नाही. कर्नाटकाचे स्वतःचे सीमाप्रदेश विकास प्राधिकरण आहे, पण ठाणी चालवणे हे त्याचे काम नाही. संविधानात कलम ३७१(जे) आल्यानंतर कल्याण कर्नाटक प्रदेशाच्या विकास मंडळाला मिळणारे अनुदानही प्रदेशाच्या विकासासाठी असते. ते खर्च होते की नाही हे जरूर विचारावे. मात्र ते पोलिसांच्या पगाराचे पैसे नव्हेत.

गैरसमज: महाराष्ट्रातल्या पोलीस पाटलाला मानधन मिळते. आपल्याकडचे मानधन कोणीतरी खाते.

हा समज का टिकला हे नकाशा पाहिला की कळते. १९५६ पर्यंत उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. आजही इकडच्या मुली तिकडे नांदतात आणि तिकडच्या इकडे. पलीकडच्या व्याह्याला पोलीस पाटील म्हणून सरकारी मानधन मिळते, आणि इथे घरावरच्या पाटीवर ‘पोलीस पाटील’ हेच आडनाव असूनही हातात काही पडत नाही, तेव्हा संशय येणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्राने १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद ठेवले, आणि २०२४ मध्ये मानधन महिना ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने मात्र १९६१ च्या ग्राम अधिकार निर्मूलन कायद्याने वंशपरंपरागत वतनदारी मोडली. तो कायदा १९६३ मध्ये अमलात आला. तेव्हापासून पोलीस पाटील आणि माली पाटील ही इथे फक्त आडनावे उरली आहेत. गावाकडे लक्ष ठेवण्याचे काम आता ठाण्याच्या बीट शिपायाकडे आहे आणि त्याला नेहमीचा पगार मिळतो. जे मानधन मंजूरच होत नाही ते कोणी खाऊ शकत नाही.

गैरसमज: घरपट्टी आपण भरतो, त्यातूनच पोलीस आणि तुरुंग चालतात.

ग्रामपंचायतीची कराची पावती जरा नीट वाचावी. कर्नाटकात घरपट्टीच्या मूळ रकमेवर चार उपकर लागतात: आरोग्य १५ टक्के, शिक्षण १० टक्के, ग्रंथालय ६ टक्के आणि भिक्षुक उपकर ३ टक्के. मूळ कर ४०० रुपये असेल तर उपकरांचे १३६ रुपये होतात आणि त्यात भिक्षुक उपकराचे १२. या पावतीवर पोलिसांचा रकाना नाही आणि तुरुंगाचाही नाही. मूळ घरपट्टी गावाच्याच कामाला लागते. सुरक्षेशी तिचा खरा संबंध येतो तो गल्लीतल्या दिव्यापाशी. पथदिवे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. अंधारामुळे मुलींना संध्याकाळी शिकवणीहून परतताना भीती वाटत असेल तर ठाण्याइतकाच पंचायतीलाही जाब विचारायला हवा.

शेवटच्या १२ रुपयांत मात्र या समजाचा खरा अंश दडलेला आहे. १९७५ च्या कर्नाटक भिक्षाबंदी कायद्यानुसार हा उपकर भीक मागताना पकडलेल्या निराधारांच्या केंद्रांसाठी गोळा होतो. त्यांना तिथे ठेवणे, जेवण, औषधपाणी, काम शिकवणे हे सगळे त्यातून व्हायचे असते. म्हणजे राज्यातली एक बंदिस्त सुधार-व्यवस्था खरोखरच घरपट्टीवर चालते, पण पैसे भरणाऱ्याला तिचे नावही माहीत नसते. स्थानिक संस्था हा गोळा केलेला उपकर वेळेवर पुढे पाठवत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. निर्ण्यात किंवा इतर कुठल्याही गावात ग्रामसभेत हा प्रश्न विचारता येतो: भिक्षुक उपकर किती जमला आणि किती पुढे गेला?

गैरसमज: फिर्याद द्यायची तर कागदाचे, गाडीचे, डिझेलचे पैसे फिर्यादीलाच द्यावे लागतात.

या सगळ्या समजांत हा सर्वांत घातक आहे, कारण यामुळे गरीब माणूस ठाण्याची पायरीच चढत नाही. फिर्याद नोंदवायला शुल्क नाही. तिची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तेच होते. घटनास्थळी जाणे, पंचनामा करणे, शवविच्छेदन, प्रयोगशाळेत नमुने पाठवणे हा तपासाचा खर्च आहे आणि तपास सरकार करते. ११२ वर फोन केल्यावर येणाऱ्या गाडीचे भाडे नसते. ती आपत्कालीन व्यवस्था उभी करायला २०१३ मध्ये स्थापन झालेल्या निर्भया निधीतून पैसा आला. ठाण्यांत महिला मदत कक्ष सुरू करण्यासाठीही त्याच निधीतून १०० कोटी रुपये दिले गेले.

मग पैसे मागितले जातात ते का? प्रत्येक वेळी त्यामागे निव्वळ लोभ नसतो, हे मान्य करायला हवे. किरकोळ खर्चाची रक्कम वरून उशिरा येते, इंधनाला मर्यादा असते, आणि बेवारस प्रेत उचलायचे तर शिपाई आधी स्वतःच्या खिशात हात घालतो. त्याची अडचण खरी आहे. पण ती त्याने आपल्या खात्याकडे मांडायची असते. जिची साखळी चोरीला गेली त्या बाईने ती भागवायची नसते. एकदा ‘इथे द्यावेच लागते’ असे गावाने धरले की देणारा देत राहतो आणि न देणाऱ्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. खाजगी समारंभासाठी किंवा व्यावसायिक कार्यक्रमासाठी मुद्दाम बंदोबस्त मागितला तर सरकार शुल्क घेते, हे खरे. ते रीतसर भरायचे असते आणि त्याची पावती मिळते. चोरी, मारहाण, अपघात, बेपत्ता माणूस यांची नोंद त्यात मोडत नाही.

गैरसमज: आगीची गाडी बोलावली तर हजारोंचे बिल येते.

कडब्याची गंजी पेटली की काही घरे आधी बादल्या शोधतात आणि फोन नंतर करतात. यामागेही सीमा आहेच. महाराष्ट्रात अग्निशमन दल सहसा महापालिका किंवा नगरपरिषद चालवते, त्यामुळे हद्दीबाहेर गाडी गेली की शुल्काची गोष्ट निघू शकते, आणि ती ऐकीव गोष्ट पाहुण्यांबरोबर इकडे येते. कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे, त्याचा कायदा १९६४ चा आहे आणि खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो. आग विझवण्याचे पैसे गावकऱ्याने द्यायचे नसतात. शुल्क असते ते मागवून घेतलेल्या खास सेवेला. गंजी पेटली तर १०१ किंवा ११२ लावावा.

गैरसमज: चौकात इतके कॅमेरे सरकारने लावले, म्हणजे गावाच्या सुरक्षेवर भरपूर खर्च होतोय.

बाजारपेठेतले बरेच कॅमेरे दुकानदारांचे, बँकांचे, शाळांचे आणि मंगल कार्यालयांचे असतात. २०१७ च्या कर्नाटक सार्वजनिक सुरक्षा कायद्याने एका वेळी शंभर किंवा दिवसात पाचशे माणसे येतात अशा आस्थापनांवर कॅमेरे बसवण्याची सक्ती केली आहे, तीही स्वखर्चाने. ठाण्याच्या आतले कॅमेरे मात्र पूर्णपणे सरकारी खर्चाचे आहेत. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात ते बसवण्याचा आणि त्यासाठी पैशाची तरतूद करण्याचा आदेश राज्यांना दिला.

गैरसमज: तुरुंगात गुन्हेगार फुकटचे खातात. सरकार आपल्या पैशावर त्यांना पोसते.

शेतात राबूनही दोन वेळची चिंता असलेल्या माणसाला हे वाक्य झोंबते आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण या वाक्यातला ‘गुन्हेगार’ हा शब्दच तपासायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपलेला नाही आणि गुन्हा शाबीत झालेला नाही असे. चारांतले तीन. त्याच वर्षी सगळ्या तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती. म्हणजे देशातल्या तुरुंगांची जवळपास सगळी जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच भरावी, आणि शिक्षा झालेल्यांना उभे राहायलाही जागा उरू नये, अशी स्थिती आहे. बीदरच्या जिल्हा कारागृहात किंवा कलबुर्गीच्या मध्यवर्ती कारागृहात भेटीसाठी रांगेत थांबलेल्या कुटुंबांना हे आकड्यांवाचून कळते.

सरकार पोसते हे खरे, आणि तसे करणे त्याला भाग आहे. ज्याला सरकारने कुलूपबंद केले तो स्वतः कमावू शकत नाही. कैद्यांवर थेट होणाऱ्या खर्चात साधारण निम्मा वाटा अन्नाचा असतो, तर शिक्षण आणि व्यवसाय-प्रशिक्षणाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. रागच करायचा तर तो या दुसऱ्या आकड्याचा करावा. सुटून आलेला तरुण हाती कसब नसताना गावात परततो आणि पुन्हा त्याच वाटेने जातो, त्याचे एक कारण इथे आहे. खर्च कमी करायचा खरा मार्ग भाकरी कमी करणे हा नाही, कच्चे कैदी कमी करणे हा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचे आहे, आणि इतरांना निम्मा काळ झाल्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले चालू असलेले आरोपी याला अपवाद आहेत. ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे.

गैरसमज: कैद्यांच्या मजुरीवर तुरुंग चालतो. (किंवा उलट: कैद्याला मजुरी देणे म्हणजे गुन्ह्याला बक्षीस.)

दोन्ही चूक. सतरंज्या, बेकरीचा माल आणि सुतारकाम यांतून तुरुंगाला मिळणारे उत्पन्न त्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि कच्च्या कैद्याला सक्तीने कामाला लावता येत नाही. मजुरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात निकाली काढला: काम घेतले तर रास्त मोबदला द्यायचा, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याच्या बळीसाठी बाजूला काढायचा. कर्नाटकाचा दर आता दिवसाला ५०० रुपयांवर आहे आणि देशातल्या सर्वांत वरच्या दरांत तो मोडतो. त्या पैशावर बाहेर शाळेत जाणारी मुले आणि म्हातारे आईबाप जगतात. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही.

गैरसमज: जामिनाचे पैसे सरकारजमा होतात. ज्याच्याकडे पैसा नाही तो आतच राहणार.

जामीन म्हणजे सुटकेचे शुल्क नव्हे. ती तारखेला हजर राहण्याची हमी आहे. जामीनदार आपल्या शेताची पहाणी (जमिनीचा उतारा) दाखवून बंधपत्र लिहून देतो, म्हणजे जमीन सरकारला लिहून देत नाही. रोख अनामत भरली असेल तर खटला संपल्यावर ती परत मागता येते. आरोपी पळाला किंवा त्याने बंधपत्राची अट मोडली तरच ती जप्त होते. समज पसरला तो भाड्याच्या जामीनदारांमुळे आणि मधल्या दलालांमुळे. ते घेतात ते पैसे खरोखरच परत येत नाहीत, आणि सामान्य माणसाला सरकारचा हात कुठे संपतो आणि दलालाचा कुठे सुरू होतो हे दिसत नाही.

जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैदी सहाय्य योजना सुरू केली. वर्षाला २० कोटींची तरतूद झाली. २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची सोय होती. निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. अमली पदार्थ, दहशतवाद, काळा पैसा, भ्रष्टाचार यांच्या कायद्यांखालचे आरोपी त्यात येत नाहीत. या योजनेचा पैसा अनेक राज्यांत पुरेसा वापरलाच गेला नाही आणि केंद्राला राज्यांना आठवण करून द्यावी लागली. पैसा होता, पण मागणारे पोहोचले नाहीत.

वकिलाचेही तसेच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तसेच स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ज्यांच्या घरातले कोणी बीदर किंवा कलबुर्गीच्या तुरुंगात आहे, त्यांनी शेत गहाण टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. दोन्हींना पैसे लागत नाहीत.